तळ्यावर तीनशे

बाईंना किळस फार पटकन यायची, आणि आली की ती चेहऱ्यावर दिसायची. लपवायची कला त्यांना उभ्या जन्मात साधली नाही. फ्लाइंग क्लबाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की त्या आधी नाक मुरडत, मग खिडकी उघडत आणि त्यानंतर कोणाशी बोलायचं झालंच तर बोलत. हॉलमध्ये ओल्या सतरंजीचा, इंजिन ऑइलचा आणि पुरुषांच्या बढायांचा वास कायम कोंडलेला असे. पहिल्या दोन वासांना निदान खिडकीतून बाहेर जायची बुद्धी होती.

त्रेसष्ट वर्षांची बुटकी, ताठ बाई. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, शर्टाच्या खिशात बोटभर उरलेली पेन्सिल. क्लबातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच उडायला शिकवलं होतं आणि उरलेले निम्मे त्यांना भीत असत, त्यामुळे सगळेच नुसतं ‘बाई’ म्हणत. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं तर म्हणत, “चहाच्या कपात सिगारेट विझवणारे पुरुष बघत मोठी झाले मी. त्यातलाच एक घरी कशाला आणू?”

बाईंचं काम ढगातलं. स्वच्छ हवेत चार माणसांचं छोटं विमान उडवणं तसं कोणालाही शिकवता येतं. खरी गोम ढगात आहे. आत शिरलं की बाहेर सगळं दुधासारखं पांढरं, वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. विमान वळत असतं आणि कान शपथेवर सांगतात की सरळ चाललंय. अशा वेळी आपल्या कानाचं ऐकायचं नाही, समोरच्या तबकड्यांचं ऐकायचं आणि त्यांच्या भरवशावर पायरी पायरीने रनवेकडे उतरत यायचं. याला इन्स्ट्रुमेंट अप्रोच म्हणतात. त्याचा एक छापील कागद असतो. कुठे वळायचं, कुठे किती उंची हवी, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. सगळ्यात खाली एक आकडा असतो, तो मिनिमम. तिथवर उतरा. रनवे दिसला तर टेका. नाही दिसला तर पूर्ण ताकद लावा, नाक वर करा आणि निघून जा. यात चर्चेला जागा नाही.

“मिनिमम म्हणजे भिंत,” बाई शिकवताना म्हणत. “पलीकडे काय आहे ते बघायला कोणी भिंतीतून डोकं घालत नाही.”

क्लबातली मंडळी वहीत हे वाक्य लिहून घेत आणि मग डोकं घालत.

क्लबाच्या रनवेचा मिनिमम होता साडेपाचशे फूट. पण रनवेच्या अलीकडे एक मोठं तळं होतं. भोवतालचा सगळा प्रदेश सपाट, जवळजवळ समुद्राच्या पातळीचा. तळ्यावर ना झाड, ना खांब, ना कोणाची गच्ची. तेव्हा मंडळींनी एक घरगुती कायदा करून टाकला होता: तळ्यावर तीनशे. कागद काहीही म्हणू दे, पाण्यावर आपटायला आहे काय? तीनशे फुटांपर्यंत डोकावायचं. तळ्याचा काठ दिसतो, काठाच्या रस्त्यावरचे दिवे दिसतात, दिवे धरले की रनवे आलाच. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. नव्या जावयाला जिन्यातली मोडकी पायरी सांगून ठेवावी तसं नव्या सभासदाला तिसऱ्या चहाच्या वेळी ते हळूच सांगितलं जाई.

आणि हा आकडा कोणाचा, तर बाईंचा!

ती गोष्ट क्लबातल्या भिंतींनाही पाठ होती. पस्तीस वर्षांपूर्वी बाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, भाऊ सतरा वर्षांचा. दंतवैद्यकाच्या कॉलेजात त्याची प्रवेशाची मुलाखत होती, दुपारी दोन वाजता. आदल्या दिवशी दोघं मावशीकडे गेलेले, आणि सकाळी पुरामुळे रस्ता बंद. बाईंनी भावाला विमानात घातलं. इथे आल्या तर ढग जमिनीवर टेकायला आलेले. दुसरा कोणी असता तर माघारी गेला असता. बाई तळ्यावर तीनशे फुटांपर्यंत उतरल्या, काठ बघितला, दिवे धरले आणि विमान पिसासारखं टेकवलं. पोरगा दोनला दहा मिनिटं असताना मुलाखतीच्या खोलीत होता. आज तो शहरातला नावाजलेला दातांचा डॉक्टर आहे, स्वतःचं विमान बाळगून आहे आणि ही गोष्ट त्याच्याइतकी रंगवून कोणी सांगत नाही. “ताईचा हात!” असं म्हणून तो थांबतो आणि सगळे माना डोलावतात.

ही गोष्ट सुरू झाली की बाई उठून बाहेर जात. लोकांना वाटे, काय विनय आहे!

आठ वर्षांपूर्वी क्लबातला एक जण तळ्यात गेला. त्याचा छत्र्यांचा कारखाना होता म्हणून सगळे त्याला छत्रीवाला म्हणत. गोल चेहऱ्याचा, हसरा, जरा हावरट माणूस, बाईंचाच विद्यार्थी. अशाच खालच्या ढगात तो घरी येत होता. विमान तिसऱ्या दिवशी वर काढलं. चौकशीवाल्यांनी लिहिलं की वैमानिक मिनिममच्या खाली गेला. क्लबाने फोटो लावला, हार घातला. छत्र्या विकणारा माणूस पाण्यात गेला यावर एका महाभागाने विनोदही केला. बाई त्याच्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. सगळ्यांना वाटलं होतं, आता तरी हे थांबेल. सहा महिने थांबलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. या क्लबात पुढच्याला ठेच लागली की मागचा तिथेच पाय ठेवून बघे. ‘त्याचं वळण चुकलं असणार,’ असं ठरलं आणि तीनशे पुन्हा सुरू झालं.

बाईंच्या चेहऱ्यावरची किळस कायमची झाली ती तेव्हापासून.

*

दर वर्षी ढगातल्या उड्डाणाची परवानगी नवी करून घ्यावी लागते. परीक्षक शेजारी बसतो, अप्रोच करून दाखवायचा, मग सही. बाईही परीक्षक होत्या. भाऊ गेली सहा वर्षं दुसऱ्या परीक्षकाकडून सही घेत होता, पण तो या वर्षी आजारी पडला, आणि भाऊ बाईंकडे आला. त्या सकाळी सातला बाईंचा फोन वाजला. भावजय होती.

“ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार.”

“ह्यांना नापास नाही का करता येणार?”

बाईंनी दात घासायचा ब्रश पेल्यात ठेवला. “चुकला तर करीन की.”

“ते चुकत नाहीत हो. तेच तर आहे ना!” भावजयीचा आवाज बारीक झाला. “दर गुरुवारी डोंगरापलीकडच्या दवाखान्यात जातात. आता लेकही बरोबर जाते, तिथले पेशंट ती बघते. हवा कशीही असू दे, हे येतातच. मागच्या महिन्यात पोरगी घरी आली ती थेट आंघोळीला गेली, तासभर बाहेर आली नाही. मग म्हणाली, आई, खिडकीतून लाटा दिसत होत्या. मी काय करू सांगा! मी बोलले की म्हणतात, ताईनं शिकवलंय मला, तू काळजी करू नकोस.”

आरशात बाईंना स्वतःचा चेहरा दिसत होता, ओठांच्या कोपऱ्यात पेस्टचा फेस. त्यांनी तो पुसला.

“बघते मी,” त्या म्हणाल्या, आणि ते शब्द त्यांच्या त्यांनाच इतके गुळगुळीत वाटले की पुन्हा चूळ भरावीशी वाटली.

भाऊ बरोबर नऊला आला. बावन्न वर्षांचा, गुबगुबीत, स्वच्छ हातांचा माणूस. विमानसुद्धा दवाखान्यासारखं: आतलं चामडं पुसलेलं, कागद क्लिपला लावलेले, जंतुनाशकाचा वास. बाईंना त्याच्यात नाव ठेवायला जागा सापडेना आणि त्याचाच त्यांना राग आला. हवामानखात्याने ढगांचा तळ सहाशे फूट सांगितला होता. डोंगराच्या बाजूला एक फेरी मारून ते परत वळेपर्यंत तो बराच खाली आला होता.

“टॉवरने हवेचा नवा दाब दिलाय,” भाऊ म्हणाला आणि उंचीच्या तबकडीचा खुंटा फिरवला. “लावला. मिनिमम साडेपाचशे. नाही दिसलं तर वर, डावीकडे वळण.” सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

ढगात शिरल्यावरही तसंच. हात हलका, सुया जागच्या जागी. बाईंच्या मनात आलं, गाढवाला किती छान येतं! असं उडवणाऱ्या माणसाला मरायची काय गरज आहे?

आठशे. सातशे. सहाशे. काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

“मिनिमम,” बाई म्हणाल्या.

“दिसत नाही काही,” भाऊ म्हणाला. त्याचा हात इंजिनाची ताकद वाढवायच्या दांड्यावर, थ्रॉटलवर होता. तो तिथेच राहिला. सुई पाचशेच्या खाली घसरली.

“वर चल.”

“ताई, तळ्यावर आहोत आपण.”

“वर चल म्हणते ना!”

“अगं तीनशे. तुझाच आकडा.” आणि हे तो हसून म्हणाला. पेशंटला ‘थोडंसंच दुखेल हं’ म्हणताना काढत असेल तसा समजूतदार, लाडिक आवाज. “एकदा डोकावून बघू, मग जाऊ.”

साडेचारशे. चारशे. बाईंना त्या आवाजाची इतकी शिसारी आली की भीती वाटायची राहूनच गेली. त्यांनी त्याच्या मऊ, स्वच्छ हातावर आपला हात आदळला आणि थ्रॉटल टोकापर्यंत ढकलला.

“विमान माझं. सोड.”

त्याने सोडलं. निदान एवढं तरी त्याला नीट शिकवलं होतं. विमान गुरगुरत वर निघालं आणि पांढऱ्यातून आणखी पांढऱ्यात गेलं. डोंगरापलीकडच्या विमानतळावर हवा बरी होती, तिकडे जायला पाऊण तास लागला. पाऊण तासात दोघं एकमेकांशी फक्त आकडे बोलले.

*

तिथल्या कँटीनमध्ये टेबलावर चिकट मेणकापड होतं आणि साखरेच्या भांड्यात मुंग्या. बाईंनी कोपर वर धरूनच परीक्षेचा फॉर्म काढला. समोरच्या पेल्यावर आधीच्या गिऱ्हाइकाच्या ओठांचा ठसा होता. त्यांनी तो पेला दोन बोटांनी उचलून शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“नापास,” त्या म्हणाल्या.

“कर.” भाऊ रुसला होता. बावन्नाव्या वर्षी रुसलेला पुरुष हा काही बघण्यासारखा प्रकार नसतो. “तो दुसरा परीक्षक पंधरा दिवसांत बरा होईल. तो करेल सही. त्याला ठाऊक आहे, तोही तीनशेलाच येतो. पण तू? जिनं मला दाखवलं, तिनंच? त्या दिवशी तू माघारी फिरली असतीस तर आज मी कुठे असतो?”

“जिवंत असतास. दुसऱ्या वर्षी मुलाखत दिली असतीस.”

“बोलायला सोपं आहे.”

“ऐक,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी मी तीनशेला नव्हते.”

त्याने वर बघितलं.

पस्तीस वर्षं बाईंनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. या मुठीत काय होतं ते त्यांनाच माहीत होतं. आता उघडायची तर पटकन उघडावी म्हणून त्या भराभर बोलल्या.

“उंचीची तबकडी हवेच्या दाबावर चालते. हवा बिघडली की दाब उतरतो. नवा दाब लावला नाही तर ती खोटी उंची दाखवते, आहे त्याहून जास्त. दाबाच्या दर एका आकड्याला तीस फूट. टॉवरने मला त्या दिवशी नवा दाब सांगितला होता, मी ‘मिळाला’ म्हटलं आणि लावला नाही. तुला गंमती सांगत होते मी, ढगात कसं उडवतात ते. फुशारकी मारत होते. सकाळपासून नऊ आकडे उतरले होते.”

भाऊ मनातल्या मनात गुणाकार करताना दिसला.

“तबकडी तीनशे म्हणत होती,” बाई म्हणाल्या. “आपण तीसला होतो. ढग फुटला तो तिथे. दिवे-बिवे काही दिसले नव्हते मला. पाणी दिसलं. समोर एक होडी होती, त्यात एक माणूस जाळं ओढत होता. त्याने वर बघितलं. मी विमान खेचलं. नंतर जे काही दिसलं ते सगळं नशीब.”

“ताई, तू मला घाबरवायला सांगतेस हे.”

“तू पिशवीत तोंड घालून ओकत होतास. तुला काय ठाऊक?”

“पण खाली उतरल्यावर तूच म्हणालीस, तीनशेला बाहेर आलो.”

“म्हणाले. इंजिन बंद केलं तेव्हा विमान जमिनीवर उभं होतं आणि तबकडी म्हणत होती दोनशे सत्तर. तेव्हा कळलं मला. तू पिशवी टाकायला उतरला होतास. मी खुंटा फिरवला आणि तबकडी शून्यावर आणली. मग तुला तीनशे सांगितलं.”

“नाही,” भाऊ म्हणाला. “तीस फुटांवर आपण वाचलोच नसतो.”

“त्या होडीतल्या माणसाचं तोंड उघडं होतं. खालचे मधले दोन दात नव्हते त्याला.”

भावाने आपले दोन्ही हात मेणकापडावर ठेवले.

“खालचे?” त्याने विचारलं.

“खालचे. मधले दोन.”

“खुर्चीवरच्या पेशंटचे खालचे दात बघायला मी दिवा ओढून घेतो, ताई, आणि तुला ते विमानातून दिसले,” तो हळूच म्हणाला. त्याच्या गोऱ्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. बाईंना एकदम तो सतरा वर्षांचा, ओकून ओकून पांढरा पडलेला पोरगा दिसला.

“का नाही सांगितलंस?”

“तू धावत सुटलास ना! हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलंस. मी आत आले तर लोक उभे राहिले. तोपर्यंत मला कोणी कधी खुर्चीसुद्धा दिली नव्हती. बाईमाणूस काय उडवणार म्हणायचे. त्या दिवशी उभे राहिले.” बाईंनी चष्मा काढला. “मला आवडलं रे ते. बस्स, एवढंच आहे. आवडलं मला.”

“आणि नंतर?”

“नंतर उशीर झाला. दर वर्षी जास्तच उशीर होत गेला.”

“छत्रीवाला गेला तेव्हा?”

“तेव्हा मी त्याच्या घरी गेले होते. बायको म्हणाली, ते नेहमी म्हणायचे, बाईंचा हात वेगळाच. मी चहा प्यायले आणि परत आले.” बाईंनी चष्मा पुसला. “दुसऱ्यांची किळस करणं सोपं असतं. मी तेच करत राहिले. तुमच्या बढायांना नाकं मुरडली, खिडक्या उघडल्या. सगळ्यात घाण वास मला माझाच येत होता.”

भाऊ उठला आणि बाहेर जाऊन आपल्या विमानाशेजारी उभा राहिला. बाईंनी फॉर्म भरला. ‘वैमानिक मिनिममच्या खाली हेतुपुरस्सर उतरला’ असं लिहिलं, सही केली. शेऱ्याच्या रकान्यात आणखी दोन ओळी लिहिल्या, स्वतःच्या, पस्तीस वर्षांपूर्वीच्या तारखेसह. तो रकाना त्यासाठी नव्हता, पण तसा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

घरी ते टॅक्सीने आले. भाऊ पुढे बसला होता, ड्रायव्हरशेजारी.

*

रविवारी सकाळी क्लबात सगळे जमतात. बाईंनी खिडकी उघडली आणि या खेपेला चहाची वाट न बघता मधोमध उभ्या राहिल्या. वीस-बावीस जण होते. भाऊही आला होता; मागच्या रांगेत, कोट अंगावरच ठेवून बसला होता. बाई बोलायला लागल्या तेव्हा लोक हसत होते, काहीतरी सत्कार-समारंभाचं असेल असं वाटून. बाईंनी सगळं सांगितलं. न लावलेला दाब, होडी, दोनशे सत्तर, फिरवलेला खुंटा. एक शब्द गाळला नाही.

“तेव्हा तीनशे हा आकडा खोटा आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “खऱ्या तीनशेला मला काही दिसलं नव्हतं. तुम्ही तीनशेला येता, काही दिसत नाही, मग तुम्हाला वाटतं बाईंना दिसलं होतं म्हणजे अजून थोडं खाली गेलं की दिसेल. ते ‘अजून थोडं’ म्हणजे पाणी आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं. ही चूक माझी आहे. आजपासून साडेपाचशे म्हणजे साडेपाचशे.”

पहिल्या रांगेतला रस्त्यांचा कंत्राटदार, पोटावर हात ठेवून बसलेला, एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, “तीस फूट!”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं.

“तीस फुटांवरून उचललंत विमान? बाई, कमाल केलीत तुम्ही! आणि आम्ही इतकी वर्षं तीनशेचंच कौतुक करत बसलो!”

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, दुसरा असता तर तिथेच संपला असता. मागून आणखी एक आवाज आला की याचा अर्थ तीनशेला तसा भरपूर वाव आहे, फक्त दाब नीट लावायचा. आणि मग, बाईंचा विश्वास बसेना, पण टाळ्या सुरू झाल्या. खऱ्याखुऱ्या, मनापासून. दोघं-तिघं उभेही राहिले. आपण मळमळून हमरस्त्यावर ओकावं आणि लोकांनी गोळा होऊन वाहवा करावी, तसं बाईंना झालं. पस्तीस वर्षं जे खोटं पोसलं ते आता खऱ्यालाही खाऊन बसलं होतं.

“छत्रीवाल्याला तीनशे मी सांगितलं होतं.”

भाऊ उभा राहिला होता. तो मोठ्याने बोलला नव्हता, पण जे टाळ्या वाजवत उभे होते ते मागे वळले.

“त्या खिडकीपाशी सांगितलं,” तो म्हणाला. “तो म्हणत होता, मला तळ्याची भीती वाटते, मी साडेपाचशेलाच वर जातो, दिसलं नाही तर सरळ डोंगरापलीकडे उतरतो. मी त्याला हसलो. म्हटलं, छत्र्या विकतोस आणि भिजायला घाबरतोस? मग त्याला ताईची गोष्ट सांगितली. नेहमीसारखी, रंगवून. तुम्हीही होता,” तो कंत्राटदाराला म्हणाला. “तुम्हीही हसला होता.”

कंत्राटदाराचे हात मांडीवरून खाली आले.

“आठच दिवसांनी गेला तो,” भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता आणि तो लपवायचा प्रयत्न त्याने केला नाही. “वळणबिळण काही चुकलं नव्हतं त्याचं. तो तीनशेला गेला आणि तिथे काही नव्हतं.”

जे उभे होते ते एकेक करून बसले. खुर्च्यांचे पाय फरशीवर घासले गेले. बाई रांगांच्या मधून मागे गेल्या आणि भावाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. टॅक्सीत बसल्यापासून तो त्यांच्याशी एक शब्दही बोलला नव्हता आणि आताही त्याने मान वर केली नाही, पण तो बाजूलाही सरकला नाही.

शेवटी कंत्राटदारानेच विचारलं, “त्याच्या बायकोला माहीत आहे का हे?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आम्ही इथून तिच्याकडेच चाललोय.”

“दोघं?”

बाईंनी भावाकडे बघितलं. त्याने कोटाची बटणं लावली, खुर्ची आत सरकवली आणि दाराकडे निघाला.

“चल, ताई,” तो म्हणाला. “तिथे आधी मी बोलेन.”